खोक्यावरचा कॅमेरा

कॅनन कंपनीने २०२५ साली एक नवा कॅमेरा काढला. नवा म्हणजे २०१६चाच. तेव्हा अमेरिकेत त्याचं नाव पॉवरशॉट एल्फ ३६० एचएस होतं आणि तो २१० डॉलरला मिळायचा. आता नावाच्या शेपटाला एक ‘ए’ लागलाय आणि किंमत ३८० डॉलर झालीय. सेन्सर तोच, २० मेगापिक्सेलचा. झूम तोच, १२ पट. बदल काय, तर वाय-फायच्या काही सोयी काढून टाकल्या आणि नेहमीच्या एसडी कार्डाऐवजी मायक्रो-एसडीची खाच दिली, म्हणजे कार्ड काढताना ते नखातून उडून सोफ्याखाली जाण्याची व्यवस्था झाली. नऊ वर्षांनी, दोन गोष्टी वजा करून, १७० डॉलर जास्त. नावामागे नुसता ‘ए’ लावून भाव एवढा चढत असेल, तर पुढच्या पगारवाढीला आपणही साहेबांकडे तेवढंच मागावं.

तरी गिऱ्हाईक आहे! कॉलेजातली पोरं आईबापांच्या कपाटातले २००८चे चंदेरी डबे धुंडाळून काढताहेत आणि मनगटाला दोरी अडकवून मिरवताहेत. तेव्हा या आठवड्यात स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या गुणगौरवाचा कार्यक्रम. हार-तुरे आणू नयेत.

या कॅमेऱ्याचा खोका वाचायचा एक नियम आहे. जे सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलंय, ते सगळ्यात कमी उपयोगाचं. जे उपयोगाचं आहे, ते खोक्याच्या बुडाशी, आयातदाराच्या पत्त्याच्या जवळपास, चष्मा काढून नाकाला लावावं लागेल अशा टायपात.

सगळ्यात मोठं अक्षर मेगापिक्सेलचं. दुकानदार दोन खोके शेजारी ठेवायचा आणि म्हणायचा, ‘साहेब, तो बाराचा आहे, हा चौदाचा.’ चौदा कशाचे, हे आपण विचारायचं नाही आणि त्याने सांगायचं नाही, असा सभ्य लोकांतला करार होता. साहेब चौदाचा घ्यायचे. आता हिशोब बघा. अल्बममध्ये लावतो तो चार बाय सहा इंची फोटो, लॅबने इंचाला ३०० ठिपके धरून छापला, तर लागतात १२०० गुणिले १८०० म्हणजे २१ लाख ६० हजार पिक्सेल. दोन मेगापिक्सेलमध्ये काम आटोपलं. फुल एचडी टीव्हीचा पडदा तर त्याहूनही किंचित कमी. व्हॉट्सॲप पाठवतानाच फोटो चेचून लहान करतं, त्यामुळे नातेवाइकांपर्यंत जे पोहोचतं त्यात चौदाचं मोठेपण शिल्लकच राहत नाही. बाकीचे बारा मेगापिक्सेल हार्ड डिस्क भरण्यासाठी. चौकात दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचा असेल तरी ते लागत नाहीत, कारण फ्लेक्स लांबून बघायचा असतो आणि दादांचा चेहरा जवळून बघायची हौस कुणालाच नसते.

बरं, हे चौदा-सोळा मेगापिक्सेल बसतात कुठे? ते खोक्याच्या बुडाशी. ‘१/२.३ इंच सेन्सर’ असं काहीतरी सापडेल. भागाकार करा. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, भागिले २.३, आले ११ मिलिमीटर. आता प्रत्यक्ष सेन्सर मोजा: ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटर, कर्ण साधारण ७.७. वरचे सव्वातीन मिलिमीटर कुणी खाल्ले? कुणीच नाही, ते कधी नव्हतेच. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत व्हिडिकॉन नावाची काचेची नळी असे. तिचं माप बाहेरच्या काचेचा व्यास धरून सांगत, चित्र मात्र आतल्या जेमतेम दोन-तृतीयांश भागात उमटे. नळ्या भंगारात गेल्या, माप सांगायची रीत तेवढी राहिली. मराठी माणसाला याहून जास्त समजावायला नको. हा सुपर बिल्ट-अप आहे. जिना, लिफ्ट, गच्ची, वॉचमनची खुर्ची सगळं धरून सांगितलेला आकडा, पलंग टाकायची जागा वेगळी. बिल्डरला कार्पेट एरिया सांगायला रेराने भाग पाडलं, महारेरा २०१७ पासून कामाला लागलं. सेन्सरला अजून कुणी वाली नाही. महागड्या कॉम्पॅक्टवर ‘एक इंची सेन्सर’ म्हणून छाती पुढे काढलेली असते. तो भरतो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. कुठल्याही कोपऱ्यातून कुठल्याही कोपऱ्यापर्यंत पट्टी लावा, इंच काही सापडत नाही.

स्वस्तातल्या त्या चौकोनाकडे परत येऊ. करंगळीच्या नखापेक्षा लहान जागेत एक कोटी साठ लाख पिक्सेल कोंबले की एकेकाच्या वाट्याला १.३ मायक्रॉनची रुंदी येते. माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची असते. एवढ्याशा जागेवर उजेड पडून पडून किती पडणार? भर दुपारी ठीक आहे. दिवेलागणीनंतर कॅमेरा बघायचं सोडून अंदाज बांधू लागतो. काळ्याभोर केसांत निळे-तांबडे कण दिसतात ना, ते त्या अंदाजाचे. मग आतलं सॉफ्टवेअर ते कण पुसायला घेतं आणि त्यांच्याबरोबर मावशीच्या पैठणीची नक्षीही पुसून टाकतं. फोटो त्या नक्षीसाठीच काढलेला असतो, पण ते मावशीला कोण सांगणार. जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर याच्या तीसपट मोठा असतो. तो या किमतीत मिळत नाही, हे मान्य. पण मग मेगापिक्सेल तरी कमी ठेवायचे! ते कुणी ठेवले नाहीत, कारण बाराचा खोका चौदाच्या शेजारी विकला जात नाही.

दुसरं मोठं अक्षर झूमचं. ‘५एक्स’. लोकांची समजूत अशी की वस्तू डोळ्याला दिसते त्याच्या पाचपट जवळ येते. तसं काही नाही. भिंगाचं लांबचं टोक भागिले रुंद टोक, एवढाच तो भागाकार आहे, १४० मिमी भागिले २८ मिमी. आणि २८च्या टोकाला वस्तू डोळ्याला दिसते त्याहूनही दूर गेलेली दिसते. आधी देवळाचा कळस लांब ढकलायचा, मग ओढून जवळ आणायचा, आणि ओढण्याचे पैसे घ्यायचे. तेवढ्यात भागत नाही. भिंगाच्या गोलावर बारीक अक्षरांत ३.२–६.४ असे आकडे कोरलेले असतात. अर्थ असा की झूम पूर्ण ताणला की आत येणारा उजेड पाव होतो. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून भाचीच्या भरतनाट्यमचा फोटो पूर्ण झूम करून काढला की त्यात भाची येत नाही, भाचीची हालचाल येते. सोबत डिजिटल झूम असतो. तो मधला तुकडा कापून ताणतो. हे काम घरच्या कॉम्प्युटरवर चहा पिता पिता फुकटात होतं.

थरथर थांबवणाऱ्या स्टिकरचंही तेच. खऱ्या प्रकारात भिंगातला एखादा तुकडा किंवा सेन्सर स्वतः हाताच्या उलट्या दिशेने सरकतो. खोट्या प्रकारात कॅमेरा फक्त संवेदनशीलता वाढवतो, शटर लवकर मिटतं आणि हिशोब वर सांगितलेल्या निळ्या-तांबड्या कणांत चुकता होतो. दोन्हींचा स्टिकर सारखाच चकचकीत. ‘ऑप्टिकल’ असं किंवा सेन्सर सरकतो असं लिहिलेलं नसेल तर दुसरा प्रकार समजावा.

खरी करमणूक सीन मोडमध्ये. हे मोड जपानातल्या कुठल्याशा बैठकीत ठरत आणि जगभरच्या घरांवर लादले जात. पॅनासॉनिकच्या ल्युमिक्समध्ये ‘बाळ १’ आणि ‘बाळ २’ असे दोन मोड होते. बाळाची जन्मतारीख भरायची, मग प्रत्येक फोटोसोबत बाळाचं त्या दिवशीचं वय नोंदलं जाई. कल्पना गोड आहे. पण यादीत बाळ २ च्या पुढे ‘पाळीव प्राणी’ यायचा, त्यालाही जन्मतारीख. आपल्या सरकारने लाल त्रिकोण भिंतींवर रंगवून जे साधलं नाही, ते ओसाकाच्या कंपनीने मेन्यूत बसवलं. दोन झाली, तिसरं झालंच तर मोत्याच्या खात्यात.

ऑलिम्पसमध्ये ‘लिलाव’ नावाचा मोड होता. घरातली वस्तू इंटरनेटवर विकायला काढायची असेल तर तिचा फोटो घेण्यासाठी. कॅमेऱ्याने घेतलेला पहिला फोटो घरातल्या आधीच्या कॅमेऱ्याचा असणार, हे कंपनीने बरोबर ओळखलं होतं. कॅसिओने २००७ मध्ये यूट्यूबसाठी वेगळा मोड दिला. खाद्यपदार्थांचा मोड जवळपास सगळ्यांकडे होता. ताटातल्या रंगांना तो उठाव देतो. ज्या देशात शिजलेला पांढरा भात आणि फिकट मासा खातात तिथे तो ठीकच आहे. मिसळीवर वापरून बघा. तर्री फोटोतूनच ठसका लावते. ‘आतषबाजी’ मोड काही सेकंद शटर उघडं ठेवतो, म्हणजे तिवई हवी. दिवाळीत गच्चीवर तिवई घेऊन कोण चढतं? फोटोत मग अनार सोडून सगळ्या सोसायटीचे दिवे वळवळतात.

पण एका मोडवर अन्याय झालाय. ‘स्नो’. बर्फ. सातारा-सोलापूरच्या माणसाने हे बटण आयुष्यात दाबलं नाही, आणि का दाबावं? कारण सांगतो. कॅमेऱ्याचा मीटर असं धरून चालतो की समोरचं जग सरासरीने राखाडी आहे. समोर सगळं पांढरंच आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो घाबरून फोटो काळवंडून टाकतो. स्नो मोड त्याच्या पाठीवर हात ठेवून एवढंच सांगतो की घाबरू नको, पांढरं खरंच पांढरं आहे. आता आषाढी वारीत दिवे घाटाचं वळण डोळ्यासमोर आणा. पांढरे सदरे, पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, वर ढगाळ पांढुरकं आभाळ. ऑटोवर काढलेल्या फोटोत सगळी दिंडी आठवडाभर धुतली नसल्यासारखी मळकट येते आणि दोष निळीला जातो. स्नो मोड लावा, दिंडी उजळते. बर्फ पडण्याची वाट बघू नका.

याच्या उलट बाजूला म्हैस आहे. काळी कुळकुळीत मुऱ्हा म्हैस फ्रेमभर घेतली की मीटरला वाटतं अंधार झाला, तो उजेड वाढवतो आणि म्हैस राखाडी करून देतो. तिच्यासाठी मोड कुणी दिला नाही. जपानी बैठकीला म्हैस सुचली नसावी. मात्र बहुतेक कॅमेऱ्यांच्या पाठीवर एक बारीक अधिक-उण्याचं बटण असतं. अधिककडे नेलं की दिंडी पांढरी, उण्याकडे नेलं की म्हैस काळी. सगळ्या सीन मोडची जत्रा एकट्याने भरून काढणारं हे बटण आहे, आणि खोक्यावर त्याचा उल्लेख नसतो.

यानंतर कॅमेऱ्याला माणसांचे चेहरे ओळखता येऊ लागले आणि तो उद्धट झाला. सोनीने २००७ मध्ये सायबर-शॉटच्या टी-२०० मध्ये ‘स्माइल शटर’ आणलं. समोरचा हसला की फोटो आपोआप निघतो. हसू किती हवं तेही ठरवता येई, जरासं, मध्यम की भरघोस. आमच्या घराघरांत असे आजोबा होऊन गेले की ज्यांच्या लेखी फोटो ही कोर्टात साक्ष देण्याइतकी गंभीर बाब होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर, मिशी स्थिर. त्यांच्यासमोर हा कॅमेरा ‘जरासं’वर लावून ठेवला असता तर पुढची पिढी येईपर्यंत शटर पडलं नसतं.

निकॉनने डोळे मिटले की सूचना देण्याची सोय केली. २००९ मध्ये आशियाई वंशाच्या एका अमेरिकी कुटुंबात कूलपिक्सने फोटो काढला, डोळे चांगले उघडे होते, आणि पडद्यावर प्रश्न आला, कुणी डोळे मिटले का? पुन्हा काढला, पुन्हा तोच प्रश्न. पुढच्या वर्षी टाइम साप्ताहिकाने ती गोष्ट छापली. कंपनी टोकियोची, हे लक्षात घ्या. घरच्याच माणसांचे डोळे ओळखता येत नसतील तर परक्यांचं काय घेऊन बसलात.

एचपी तर त्याच्याही आधी, २००६च्या सुमारास, ‘स्लिमिंग’ घेऊन आली. फोटो काढून झाल्यावर एक बटण दाबलं की मधला माणूस बारीक. मधलाच. बाजूची माणसं ताणली जात. ग्रुप फोटोत मध्ये कोण उभं राहणार यावरून घरं फुटली असती, पण बरं झालं, एचपीचे कॅमेरे आपल्याकडे घरोघर पोहोचले नाहीत. सॅमसंगने २००९ मध्ये कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला छोटा पडदा बसवला. लहान मूल कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून त्यावर विदूषकाचं हलतं-नाचतं चित्र दिसायचं. त्याच वर्षी निकॉनने कॅमेऱ्यात प्रोजेक्टर घातला, फोटो थेट भिंतीवर. भिंत अंधारात हवी आणि हात भिंतीजवळ, हे ओघानेच आलं.

या सगळ्या गुणांत आमच्या लग्नकार्यांवर सर्वांत खोल परिणाम झाला तो लाल डोळे टाळणाऱ्या दिव्याचा. फ्लॅश भिंगाला चिकटून असल्यामुळे त्याचा झोत बाहुलीतून थेट आत जातो आणि मागच्या पडद्यावरचं रक्त तांबडं चमकून येतं. उपाय असा की आधी एक छोटा दिवा लुकलुकवायचा, बाहुल्या आकसू द्यायच्या आणि सेकंदाभराने खरा फ्लॅश मारायचा. शास्त्र बरोबर आहे. आता साखरपुड्याचा हॉल बघा. दोन्हीकडचे मिळून वीसेक जण तीन रांगांत कसेबसे लागलेत. ‘काका, जरा डावीकडे. वहिनी, बाळाला वर घ्या. रेडी?’ बटण दाबलं जातं. छोटा दिवा लुकलुकतो. वीस जणांच्या मनात एकच विचार येतो: झाला. काका खाली बसतात. वहिनी बाळाला कडेवरून काढतात. वरमाय केटररच्या दिशेने वळून ‘मठ्ठा आला का?’ म्हणून विचारते. मग फ्लॅश पडतो. फोटोत तीन पाठी, एक वाकलेली टाळू, एक उघडं तोंड. एकटं बाळ तेवढं समोर बघतंय, कारण त्याला दिव्याचं कौतुक वाटलंय. लाल डोळे मात्र खरंच कुणाचे आलेले नाहीत. कारण डोळेच आलेले नाहीत.

शिवाय त्या फ्लॅशचा पल्ला तीन-साडेतीन मीटर. मंगल कार्यालयाच्या पाचव्या रांगेतून मारलेला फ्लॅश स्टेजवरच्या जोडप्यापर्यंत पोहोचत नाही, चौथ्या रांगेतल्या टकलापर्यंत पोहोचतो. आपल्याकडच्या हजारो लग्नांत नवराबायको काळोखात उभी आहेत आणि पुढे कुणाचं तरी डोकं सोन्यासारखं झळकतंय, त्याचं कारण हे.

पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा म्हणजे गावोगाव सेल मिळतात, म्हणून तो सोयीचा, असं सांगून विकला गेला. मिळतात. पानपट्टीवर मिळणारे साधे स्वस्त सेल भिंतीवरच्या घड्याळाला वर्षभर पुरतात. कॅमेऱ्याचं भिंग बाहेर येतानाच त्यांचा जीव अर्धा होतो आणि फ्लॅशला उरलेला अर्धा. गड चढून टकमक टोकावर पोहोचायचं आणि नवे सेल घालून ‘बॅटरी संपली’ वाचायचं, हा ट्रेकिंगमधला वेगळा अभ्यासक्रम होता. चार्जिंगचे निकेल-मेटल हायड्राइड सेल घातले की तोच कॅमेरा दिवसभर चालतो, हे दुकानात कुणी सांगायचं नाही. फुकट पाऊच मात्र न मागता मिळायचा.

पडद्याबद्दल एकच सांगतो. ‘२.७ इंच, २.३ लाख डॉट.’ लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट मिळून एक पिक्सेल होतो. म्हणजे ३२० गुणिले २४०, शहात्तर हजार आठशे. एवढ्याशावर सगळंच छान दिसतं. हललेला फोटो हललेला आहे हे घरी आल्यावर कॉम्प्युटरवर कळतं, तोवर पाहुणे नागपूरला परत गेलेले असतात. उन्हात तर काहीच दिसत नाही. आधी डोळा लावून बघायची छोटी खिडकी असायची, पडदा मोठा करण्यासाठी ती काढून टाकली आणि त्यालाही नवीन गुण म्हटलं.

तारखेचंही बघा. आत घड्याळासाठी एक इवलीशी बॅटरी असते, ती मोठ्या बॅटरीवर चार्ज होते. कॅमेरा काही दिवस बॅटरीविना कपाटात पडला की घड्याळ विसरतं आणि पुन्हा कुठल्याशा वर्षाच्या एक जानेवारीपासून सुरू होतं. त्यामुळे असंख्य कुटुंबांत मुंज, वास्तुशांत, बारसं आणि डोहाळजेवण एकाच दिवशी झाल्याची केशरी रंगातली छापील नोंद आहे.

इतके गुण असूनही हा धंदा बसला. २०१० मध्ये जपानी उत्पादक संघटनेच्या हिशोबात सर्व प्रकारचे मिळून १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे जगभर गेले होते. २०२३ मध्ये ७७ लाखांच्या आसपास. फोनने हे केलं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण फोनवाले काही फार हुशार नव्हते. लोकांना एवढंच हवं होतं की फोटो काढावा आणि लगेच बहिणीला जावा. कॅमेरेवाले तिथे विदूषक, प्रोजेक्टर आणि पाळीव प्राण्याचा वाढदिवस घेऊन उभे होते.

कोडॅकची कथा तर सगळ्यांना पाठ आहे. डिजिटल कॅमेरा त्यांच्याच स्टीव्हन सॅसनने १९७५ मध्ये बनवला, १०० गुणिले १०० म्हणजे दहा हजार पिक्सेलचा. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. त्याच कंपनीने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि कॅमेरे बनवणं थांबवलं. नाव मात्र भाड्याने सुटलं. २०२५ मध्ये त्या भाड्याच्या नावाने किल्लीच्या जुडग्याला लटकणारा ‘चार्मेरा’ आला. १.६ मेगापिक्सेल, ३० डॉलर, आणि कुठल्या रंगाचा निघेल हे खोका फोडल्याशिवाय कळत नाही. लोक तुटून पडले. म्हणजे वीस वर्षं आम्हाला मेगापिक्सेल वाढवून विकले आणि आता तेच कमी करून विकताहेत. दोन्ही वेळा गल्ल्यात पैसे गेले ते आपलेच.

आणि जुन्या डब्यांमागे लागलेल्या पोरांना नेमकं काय आवडतं, तर तोंडावर थाडकन पडलेला फ्लॅश, पांढराफटक चेहरा, मागे मिट्ट काळोख, कण, केशरी तारीख. आमच्या वेळी ज्यासाठी काकांनी दुकानदाराशी भांडण केलं, ती प्रत्येक गोष्ट. विकणारेही जाहिरातीत ‘सीसीडी’, म्हणजे जुन्या धाटणीचा सेन्सर, एवढं लिहितात आणि भाव दुप्पट करतात. सीसीडीमध्ये जादू नाही. तो चेहरा येतो थेट फ्लॅशमुळे, लहान सेन्सरमुळे आणि आतल्या जुन्या रंगकामामुळे. पण पोरं निदान खोका वाचून घेत नाहीत, फोटो बघून घेतात. आमच्या पिढीने उलटं केलं.

फक्त ऑनलाइन बाजारातल्या अनामिक ‘४८ मेगापिक्सेल, ४के, १६एक्स’वाल्यांपासून दूर राहा. त्यांतल्या बहुतेकांत भिंग जागचं हलत नाही, १६एक्स म्हणजे निव्वळ कापून ताणणं, आणि ४८ मेगापिक्सेल हे लहान सेन्सरवरून आलेल्या चित्रात मधले ठिपके कल्पनेने भरून केलेले. सेन्सरचं माप आणि भिंगाचे मिलिमीटर लिहिलेले नसतील तर पुढे वाचूच नका.

नवा घ्यायच्या आधी आपला आणि मामांचा माळा बघा, एखादा नक्की निघेल. बॅटरी फुगलेली असेल तर ती चार्जरला लावू नका, नवी आणा. कॅमेरा जुना बाजारातून घेणार असाल तर भिंग पूर्ण बाहेर येऊन आत जातं का ते दुकानातच दोनतीनदा करून बघा, कारण कोकणातली वाळू त्या नळीत वर्षानुवर्षं मुक्काम करते. ऑलिम्पस आणि फुजीच्या जुन्या मॉडेलना एक्सडी कार्ड लागतं, ते आता जुन्यातच शोधावं लागेल. आणि २००६च्या आधीचे बरेचसे कॅमेरे दोन जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड ओळखतच नाहीत, तेव्हा जाताना घरातलं एक लहान कार्ड खिशात टाकून जा.